साट्यातल्या दोघी

अमथीबा सुनेला कधी शिवी देत नसे. हे ती स्वतःच गावभर सांगत फिरे. सुनेवर हात उगारल्याचंही कुणी पाहिलं नव्हतं. तिला जे बोलायचं असे, ते ती म्हशीला बोले.

लेकी बोले सुने लागे म्हणतात. पण अमथीबाची लेक वरजू लग्न होऊन गेली होती, तेव्हा बोलायला घरात उरली म्हैस. गोठ्यात जनावरं चार, पण बोलण्यासाठी तिनं निवडलेली एकच, चांदरी. कपाळावर पांढरा ठिपका असलेली ही म्हैस घरातली सगळ्यांत दुधाळ, आणि सून तेजू पहाटे तिच्याच पायाशी बसलेली असे. माघाचा गारठा असे, एरंडीच्या शेतावरून येणारा वारा पत्र्याच्या फटीतून आत शिरे, आणि अमथीबा हातात रजक्याची, म्हणजे लसूणघासाची, पेंढी घेऊन चांदरीच्या तोंडाशी उभी राही.

"खा बाई, खा," ती म्हणे. "दुसरीच्या वाट्याचं खाऊनच अंगावर चढलंय तुझ्या. लाज कशाची वाटायची?"

तेजूचा हात आचळावर थांबे. तिला सातवा महिना सरत आला होता. बोटं सुजून हातातल्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. मूठ वळताना कोपरापर्यंत कळ जाई. हात थांबला की चांदरीही आखडे, दूध वर चढवून घेई. मग तेजू तिच्या कुशीला कपाळ टेकून काहीबाही गुणगुणे, पोटावरून हात फिरवी, तेव्हा कुठे धार पुन्हा सुटे. चांदरीचं पारडू कार्तिकातच मेलं होतं. तेव्हापासून ती तेजूच्या हाताशिवाय आणि तेजूच्या आवाजाशिवाय कुणालाच पान्हा सोडत नव्हती. घरातला निम्मा पैसा त्या एका कासेतून येत होता.

तेजू या घरात साट्यात आली होती. तेजूचा भाऊ अमरत याला अमथीबाची वरजू दिली आणि अमथीबाच्या हरचंदला तेजू आणली. एकाच मांडवात, एकाच दिवशी. दोघी एकमेकींच्या नणंदा आणि दोघी एकमेकींच्या भावजया, म्हणून दोघीही एकमेकींना भाभीच म्हणत. गुजरातेतल्या बनासकांठ्याच्या या भागात असंच चालतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. फक्त एक आहे. एक घर मोडलं की दुसरंही मोडतं. इकडची रुसून माहेरी गेली, तर तिकडची दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधून परत येते, मग तिचा नवरा कितीही भला असो.

पहिली दोन वर्षं अमथीबा वाईट नव्हती. सुनेच्या खिचडीत तुपाची धार स्वतः सोडायची. तेजूला दिवस गेले आणि तिकडे वरजूची कूस रिकामीच राहिली, तेव्हापासून तिचं काहीतरी फिरलं. आपल्या लेकीचं नशीब सुनेनं पळवलं, असं तिनं मनात पक्कं केलं. नशीब काय किटलीतलं दूध आहे, एकीनं जास्त ओतून घेतलं म्हणून दुसरीला कमी पडायला? पण हे अमथीबाला कोण सांगणार?

तेजूचा फोन एक दिवस बिघडला म्हणून अमथीबानं दुरुस्तीला पाठवला, तो परत आलाच नाही. जेवायला बसलं की नेमक्या त्याच वेळी तिला मेलेल्या बाळांच्या गोष्टी आठवत. कुणाचं गळ्याला नाळ गुंडाळून गेलं, कुणाचं निळं पडून आलं, कुणाची आई आणि बाळ एकाच चितेवर गेली. सांगताना आवाज अगदी मऊ असे, आणि सांगून झालं की विचारी, "अजून एक रोटला घेतेस ना, वहू?" तेजूचा घास तोंडातच फिरे. डोळा लागला की छाती धडधडून ती जागी होई, मग उजाडेपर्यंत छपराकडे बघत राही. आरशात गालाची हाडं दिसायला लागली होती, आणि पाय मात्र चपलेत मावत नव्हते. मेल्या बाळांतलं कुठलं आपलं, हा विचार तिला शेण काढतानाही सोडत नसे.

नवऱ्याला तिनं दोनदा सांगून पाहिलं. हरचंद स्वभावानं गरीब माणूस. बायकोवर त्याचा जीव होता, पण आईपुढे तो मूग गिळून बसे.

"ती म्हशीला बोलते," तो म्हणाला. "तू अंगाला का लावून घेतेस? मारत तर नाही ना?"

मार असता तर वळ तरी दाखवता आला असता.

गावची आशा कार्यकर्ती लखीबेन तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली, तेव्हा अमथीबाही जीपमध्ये चढून बसली. डॉक्टरीणबाईनं दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, परत पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. झोप लागते का, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, घरात काही ताण आहे का? प्रत्येक प्रश्नाला अमथीबाच उत्तर देत होती. शेवटचा प्रश्न बाईंनी तेजूकडे बघून पुन्हा विचारला. तेजूनं सासूच्या पायांकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. रक्तदाब फार वाढलाय, बाळाची वाढ मागे पडलीय, बाईंनी स्पष्ट सांगितलं. मीठ कमी, विश्रांती भरपूर आणि मन शांत. हे असंच राहिलं तर झटके येतील आणि दोघांच्याही जिवावर बेतेल.

त्या संध्याकाळी अमथीबानं सगळ्या घरालाच अळणी खिचडी वाढली. हरचंदनं तोंड वाकडं केलं, तशी ती गोठ्याकडे तोंड करून म्हणाली, "चांदरीबाईंना डॉक्टरनं शांती सांगितलीय हो. कुठल्या दुकानात मिळते, विचारून ये."

आता एकच वाट उरली होती. पहिलटकरीण सातव्यात ओटी भरून माहेरी जाते, त्याला इकडे खोळो म्हणतात. नणंदेनं मनगटाला राखडी बांधायची, ओटीत गहू आणि नारळ घालायचा, मग पोरगी मानानं आईच्या घरी जाते आणि बाळ घेऊनच परत येते. खोळो न भरता गेली तर ती रुसून गेली असं धरतात. म्हणजे वरजूचं घर मोडलंच. आणि अमथीबा खोळो भरायचं नावच काढत नव्हती. डेअरीवर बायकांनी विचारलं की सांगे, "देवीला बोललेय मी. माझ्या वरजूची कूस उजवल्याशिवाय या घरात कुणाची ओटी भरायची नाही."

नवस म्हटल्यावर बायका गप्प बसल्या. देवीच्या आड येणार कोण? तेजू मात्र दुधाची किटली खाली ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली, कारण तिच्या डोळ्यांपुढे खरोखरच अंधारी आली होती.

लखीबेननं तिला पाणी पाजलं आणि डेअरीच्या मागच्या टाकीशी नेऊन हातात आपला फोन दिला. "ज्याच्याशी बोलायचंय त्याच्याशी बोल. मी इथं उभी राहते."

तेजूला वाटलं होतं, आईला लावावा. पण तिनं नंबर लावला तो वरजूचा.

"भाभी?" पलीकडून आवाज आला. "तू बरी आहेस ना गं? बा म्हणते, तुला माझ्याशी बोलायला वेळ नसतो."

तेजूला रडूच फुटलं. मग हुंदके आवरत तिनं सगळं सांगितलं, म्हैस, खिचडी, मेलेली बाळं, सगळं.

"इथं चूल आहे," वरजू म्हणाली.

"काय?"

"माझी बा म्हशीला बोलते ना? तुझी मा चुलीला बोलते. मी भाकरीला बसले की म्हणते, जळायचं तर नीट जळ, नुसता धूर काय कामाचा. शेजारची तान्ही पोरं घरात आली की मला शेतावर धाडते, माझी नजर लागेल म्हणून."

तेजूचे कान तापले. आपली मा? कुणाच्या तान्ह्या बाळाला पाहून पदरानं डोळे पुसणारी? तिला आईची इतकी लाज वाटली की टाकीवर डोकं आपटावं असं झालं.

वरजू पुढे सांगत होती. बा फोनवर तिला म्हणते, तू काळजी करू नकोस, तुला तिथं जेवढं उणं बोलतात तेवढं मी इथं वसूल करते. आणि इकडची बातमी तिकडे पोचली की वरजूला दुसऱ्या दिवशी चुलीपुढे दुप्पट ऐकावं लागतं. "दोघी म्हाताऱ्या आपापल्या लेकीला वाचवतायत," वरजू म्हणाली, "आणि मरतोय आपण. मी येते तुझा खोळो भरायला. पण मला एकटीला कोण सोडतंय? माहेरून बोलावणं आलं पाहिजे. हरचंदभाईचा एक फोन आला तरी पुरे."

तेजूनं फोन परत दिला. किटली उचलून ती घरी आली. वाटेत तिनं फार काही ठरवलं नाही. पण धार काढायची वेळ झाली आणि अमथीबा रजक्याची पेंढी घेऊन चांदरीच्या तोंडाशी उभी राहिली, तेव्हा तेजूनं बादली उपडी घातली आणि त्या बादलीवरच बसली.

"काय झालं?" अमथीबानं विचारलं. गोठ्यात बऱ्याच दिवसांनी ती सुनेला सरळ बोलत होती.

"आजपासून मी चांदरीखाली बसणार नाही. वरजूबेनला खोळो भरायला बोलवा."

"आणि नाही बोलावलं तर?"

"तर नाही बसणार."

"माहेरी जाऊन बसशील मग?"

"नाही बा. मी रुसून जाणार नाही. रोटले करीन, शेण काढीन, पाणी भरीन. हाकललंत तरी दाराशीच बसेन. फक्त म्हशीखाली बसणार नाही."

अमथीबा हसली. हिच्या जन्माआधीपासून आपण म्हशी पिळतोय, असं म्हणत तिनं बादली ओढून घेतली. चांदरीनं तिला कासेला हात लावू दिला, पण धार काही सोडली नाही. अमथीबा बराच वेळ ओढत राहिली. बादलीचा तळसुद्धा भिजला नाही. तेव्हा तिनं जुनी युक्ती केली, तेजूची वापरलेली ओढणी डोक्यावरून घेतली आणि तिच्यासारखी वाकून बसली. चांदरीनं मान वळवून ओढणी हुंगली. मग शांतपणे मागचा पाय उचलून बादलीला अशी लाथ घातली की बादली थेट उकिरड्यावर गेली. कुंपणापलीकडे शेजारीण रजका कापत होती, ती तोंडात पदर कोंबून खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किटली अर्धीच भरून डेअरीवर गेली. डेअरीचा मंत्री, म्हणजे सचिव, माप घेताना म्हणाला, "अमथीबा, म्हैस आटली का घरचं कुणी आजारी आहे?" मागे रांगेत उभ्या बायका पाहत होत्या. गावात नाक वर करून चालणारी अमथीबा त्या दिवशी मान खाली घालून परत आली. संध्याकाळी पुन्हा तेच. चांदरीची कास दुधानं तटतटून दगडासारखी झाली होती. ती हंबरत होती, आणि ते ऐकून तेजूचा जीव तुटत होता. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. सुजलेल्या बोटांना मुंग्या येत होत्या, पण ती उठली नाही. जनावराचा काय दोष, हे तिलाही कळत होतं. पण आज उठली तर पुन्हा कधी असं अडून बसता येणार नाही, हेही तिला ठाऊक होतं.

हरचंदला हंबरणं सहन होईना. तो म्हणाला, खालच्या आळीत दूध उतरवायची सुई मिळते, टोचली की पाचव्या मिनिटाला पान्हा फुटतो, मी घेऊन येतो. त्यानं मोटारसायकलला किक मारली.

"वेड लागलंय का तुला?" अमथीबा किंचाळली. "गाभण आहे ती! तीन महिन्यांची गाभण आहे! सुईनं गाभ पडला म्हणजे? अरे, गाभणीला असा त्रास देतात का? तिला साधं ओरडायचंसुद्धा नसतं, एवढं कळत नाही?"

हरचंदनं मान वळवली. उपड्या बादलीवर तेजू बसली होती. सुजलेले पाय पुढे पसरलेले, डोळ्यांखाली काळं, आणि एवढंसं तोंड. त्यानं तिला रोज पाहिलं होतं. तरी आत्ता पाहिलं असं त्याला झालं. त्यानं गाडी बंद केली. खिशातून फोन काढून नंबर लावला.

"अमरतभाई? हरचंद बोलतोय. वरजूला उद्या पाठवा. खोळो भरायचाय."

अमथीबा आत निघून गेली. तेजू उठली, बादली विसळली आणि चांदरीच्या कुशीला कपाळ टेकून बसली. धारेचा आवाज सुरू झाला तेव्हा दोघीही रडत होत्या म्हणा ना.

वरजू सकाळच्या जीपनं आली. एकटीच. डोक्यावर गव्हाची पिशवी, कमरेला नारळ. आली ती आधी गोठ्यात गेली, तेजूचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिनं पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. शेजारणी जमल्या, लखीबेनही आली. पाट मांडला. अमथीबा माजघराच्या दारात हात पसरून उभी राहिली.

"देवीचा नवस आहे," ती म्हणाली. "आणि वरजू, माझं ऐक. रिकाम्या कुशीनं भरल्या ओटीला हात लावू नये. अपशकुन होतो."

वरजू हातातला नारळ घेऊन वळली. तिचा आवाज चढला नाही.

"बा, हे मी रोज ऐकते. तिथं चुलीपुढे. तुझ्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं."

अमथीबाचे हात खाली आले. शेजारणींपैकी एकीनं तिला धरून ओट्यावर बसवलं.

वरजूनं तेजूच्या मनगटाला राखडी बांधायला घेतली. काळा दोरा, त्यात कवडी आणि सुपारी. बांगड्या रुतलेल्या होत्या, तिथं दोरा सरकेना. मग वरजूनं साबण लावून एकेक बांगडी काढली, हातावरच्या वळावर फुंकर घातली आणि सैल गाठ मारली. ओटीत गहू ओतताना म्हणाली, "देवी काही म्हणाली तर माझं नाव सांग. आम्हा दोघींचं आम्ही बघून घेऊ."

बायका हसल्या आणि त्यांनी गाणं सुरू केलं.

निघण्याआधी तेजू गोठ्यात गेली, तर अमथीबा आधीच तिथं बादली घेऊन उभी होती, अंग आखडून. तेजूनं तिला चांदरीच्या पायाशी बसवलं, तिचा हात आपल्या हाताखाली घेऊन कासेवर ठेवला. "बोला तिच्याशी, बा," ती म्हणाली. "रोज बोलत होतात तसंच. पण आता तिलाच बोला."

अमथीबा घोगऱ्या आवाजात म्हणाली, "घाबरू नको बाई. मी आहे." कुणाला म्हणाली, ते तिचं तिला ठाऊक. चांदरीनं दोन-चार धारा सोडल्या, जास्त नाही. तेजू बाहेर आली. माफ केलं असं तिनं म्हटलं नाही, कारण केलं नव्हतं.

तेजूच्या माहेरी जीप पोचली तेव्हा उन्हं कलली होती. हरचंद सामान उतरवत होता. मा लगबगीनं पाण्याचा लोटा घेऊन दारात आली, डोळ्यांत पाणी, तोंडानं, "माझी बाय गं, काय दशा केली त्या लोकांनी." तिनं लोटा तेजूवरून ओवाळायला उचलला. वरजू सवयीनं बाजूला झाली, मागच्या दारानं चुलीकडे जाण्यासाठी.

तेजूनं तिचा हात पकडला आणि स्वतः एक पाऊल मागे सरली. लोटा हवेतच राहिला.

"आधी भाभीवरून ओवाळ, मा."

"अगं, भरल्या पोटानं उंबऱ्यात उभी राहू नकोस. आत ये आधी. तिचं काय एवढं?"

"तिनं माझी ओटी भरलीय. तिच्यावरून ओवाळ, आणि तिला समोरच्या दारानं आत घे. आणि यापुढे चुलीला काही सांगायचं असेल तर मला सांग, मी चुलीशेजारीच बसणार आहे."

माचा चेहरा काळवंडला. तिनं वरजूकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, शेजारच्या ओट्यावर उठून उभ्या राहिलेल्या बायकांकडे पाहिलं. मग पडलेल्या आवाजात म्हणाली, "किती वेळ उभी राहशील अशी? पाय बघ तुझे कसे सुजलेत."

तेजूनं ओटीतला नारळ सावरला. वरजूचा हात तिनं सोडला नव्हता.

"मला घाई नाही, मा," ती म्हणाली. "मला अजून दोन महिने आहेत."